मिश्र वाटेसाठी कॅम्परचे टायर : निवड कशी करावी

वोल्फ्सबुर्गमध्ये ऑक्टोबर उजाडला की शहराच्या बोलण्यात एक छोटे सूत्र पुन्हा ऐकू येऊ लागते : ‘ओ ते ओ’. ऑक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, हिवाळी टायर चढवायचे, असा त्याचा अर्थ. टायरच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि भेटीच्या वेळा आठवडाआठवडा आधी भरून जातात. नेहमीच्या मोटारीसाठी हे सूत्र पुरेसे आहे. ज्या घरांनी अलीकडे कॅम्पर घेतला आहे, त्यांचा प्रश्न मात्र या सूत्राने सुटत नाही. त्यांची गाडी साडेतीन टनांच्या आसपास असते, तिच्यात स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, पलंग आणि सायकली असतात. ती सकाळी ऑटोबानवर धावते, दुपारी आल्प्सच्या घाटात चढते आणि संध्याकाळी ओल्या गवताच्या मैदानात उभी राहते. या सर्व वाटांसाठी एकच टायर निवडायचा, तर तो कोणत्या कसोटीवर?

मोटारीचे शहर म्हणून वसलेल्या या गावाचे कॅम्परशी जुने नाते आहे. १९३८ साली कारखान्यासाठी वसवलेल्या वस्तीला १९४५ मध्ये वोल्फ्सबुर्ग हे नाव मिळाले. १९५० साली फोक्सवॅगनच्या ट्रान्सपोर्टर गाडीचे उत्पादन येथेच सुरू झाले आणि १९५६ मध्ये ते शेजारच्या हानोफर शहरात हलवण्यात आले. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीच या गाडीत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय बसवून दिली. २००३ पासून ‘कॅलिफोर्निया’ हा कॅम्पर फोक्सवॅगन स्वतःच हानोफरमध्ये बांधू लागली. चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाल्यापासून पुणे आणि वोल्फ्सबुर्ग यांच्यातील अभियंत्यांची ये-जाही वाढली. त्यामुळे येथील मराठी घरांत गाडीच्या इंजिनावर अधिकाराने बोलणारे पुष्कळ भेटतात. टायर मात्र अजूनही ‘दुकानदार देईल तो’ घेतला जातो.

कॅम्परच्या बाबतीत ही उदासीनता महाग पडू शकते. छोट्या मोटारीत टायरची वजन पेलण्याची क्षमता गरजेपेक्षा बरीच जास्त असते. कॅम्परमध्ये ती बहुधा सीमेवर असते आणि सुटीच्या दिवसांत, सगळे सामान भरल्यावर, ती सीमा नकळत ओलांडली जाते.

पहिली कसोटी : वजन

टायर निवडण्याची सुरुवात दुकानात होत नाही, ती वजनकाट्यावर होते. गाडी नेहमीच्या प्रवासाप्रमाणे पूर्ण भरावी : इंधन, पाणी, स्वयंपाकाचा गॅस, अंथरुणे, सायकली आणि घरची सर्व माणसे. मग सार्वजनिक वजनकाट्यावर आधी संपूर्ण गाडीचे आणि नंतर पुढच्या व मागच्या आसाचे स्वतंत्र वजन करावे. शक्य असेल तर डाव्या आणि उजव्या बाजूचेही करावे. जर्मनीत कचरा-पुनर्वापर केंद्रांत आणि शेतमालाच्या सहकारी गोदामांत असे काटे असतात व अल्प शुल्कात वजन करून मिळते.

हा खटाटोप का करायचा, ते एका हिशोबावरून स्पष्ट होईल. समजा, एका कॅम्परच्या दोन आसांमधील अंतर ३.६ मीटर आहे आणि मागच्या दारावर, मागील आसापासून दीड मीटर मागे, ६० किलो वजनाच्या दोन विजेवर चालणाऱ्या सायकली टांगल्या आहेत. मागील आसावर ६० किलोच वाढले, असे सहज वाटते. प्रत्यक्षात तरफेच्या नियमाने मागील आसावर सुमारे ८५ किलो वाढतात आणि पुढील आसावरचे सुमारे २५ किलो कमी होतात. म्हणजे एकाच वेळी मागच्या टायरांवरचा भार वाढला आणि पुढच्या, दिशा देणाऱ्या चाकांची पकड घटली. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असेल, तर ओल्या चढावर ती का घसरते, याचे अर्धे उत्तर या हिशोबात आहे.

आता समजा मागील आसावर एकूण २००० किलो भार आहे. दोन टायरांत तो सारखा वाटला गेला तर प्रत्येकी १००० किलो. पण शीतपेटी, शेगडी आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला असतील, तर त्या बाजूच्या टायरवर १०६० किलोही येऊ शकतात. टायरच्या अंगावर कोरलेला भारांक येथे महत्त्वाचा ठरतो. भारांक १०९ म्हणजे १०३० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो, ११६ म्हणजे १२५० किलो, ११८ म्हणजे १३२० किलो आणि १२१ म्हणजे १४५० किलो. वरील उदाहरणात १०९ भारांकाचा टायर कागदावर पुरेसा दिसतो, पण प्रत्यक्षात एका बाजूला अपुरा पडतो. ११२ किंवा त्याहून वरचा भारांक घेतला तर थोडी सवलत हाती राहते. कॅम्परसाठी अशी सवलत ठेवणे ही चैन नव्हे. खड्डा, वळण आणि जोराचा ब्रेक या तिन्ही प्रसंगी एका टायरवरचा भार क्षणभर बराच वाढत असतो.

टायरच्या अंगावरची भाषा

‘२२५/७५ आर १६ सीपी ११८ आर’ हे युरोपातील मोठ्या कॅम्परवर वारंवार दिसणारे माप. यातील २२५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ७५ हा टायरच्या बाजूच्या उंचीचा रुंदीशी असलेला टक्का, म्हणजे येथे सुमारे १६९ मिलिमीटर. पुढचा ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, १६ हा रिमचा इंचातील व्यास, ११८ हा भारांक आणि शेवटचा ‘आर’ हा वेगाचा दर्जा, ताशी १७० किलोमीटर. ‘क्यू’ असेल तर १६०, ‘टी’ असेल तर १९०.

मधली ‘सीपी’ ही अक्षरे कॅम्परसाठी विशेष महत्त्वाची आहेत. नुसता ‘सी’ असलेला टायर मालवाहू व्हॅनसाठी असतो. अशी व्हॅन सकाळी भरून निघते आणि संध्याकाळी रिकामी परतते. कॅम्पर बाराही महिने भरलेलाच असतो आणि वर्षातले अनेक आठवडे एका जागी, त्याच ओझ्याखाली, उभा राहतो. ‘सीपी’ टायरची बांधणी हे लक्षात घेऊन अधिक मजबूत केलेली असते आणि त्यात हवेचा दाबही अधिक चालतो, मागील आसावर ५.५ बारपर्यंत. भारतीय मापात हा दाब सुमारे ८० पीएसआय होतो. पुण्यात मोटारीत ३२ पीएसआय भरण्याची सवय असलेल्या माणसाला हा आकडा पहिल्यांदा चुकीचाच वाटतो.

एवढा दाब भरायचा तर झडपही तशीच हवी. रबरी खुंटीसारखी नेहमीची झडप साधारण ४.५ बारपर्यंतच्या दाबासाठी असते. ‘सीपी’ टायर घेताना धातूची झडप बसवून घ्यावी आणि बिलावर तसा उल्लेख आहे का, ते पाहावे. टायर उत्तम आणि झडप स्वस्त, अशी जोडी लांबच्या प्रवासात दगा देते.

भारतात ट्रकचालक अजूनही ‘दहा प्लायचा टायर’ असा शब्द वापरतात. युरोपातही टायरवर ‘१० पीआर’ असे कधीकधी कोरलेले असते. त्याचा अर्थ टायरमध्ये खरोखर दहा थर आहेत, असा नाही. जुन्या सुती थरांच्या टायरशी तुलना करून ठरवलेले ते ताकदीचे माप आहे. आजच्या पोलादी पट्ट्यांच्या रेडियल टायरमध्ये थर कमी आणि ताकद तेवढीच किंवा अधिक असते. म्हणून प्लायपेक्षा भारांकाकडे पाहावे.

दुसरी कसोटी : वाट नेमकी कोणती?

‘मिश्र रस्ता’ म्हटले की डोळ्यांपुढे वाळवंट, नदीपात्र आणि दगडधोंडे उभे राहतात. दुकानांतील ऑल-टेरेन टायरांच्या जाहिरातीही तेच दाखवतात. वोल्फ्सबुर्गहून निघणाऱ्या कुटुंबाच्या वर्षभराच्या प्रवासाची प्रामाणिक नोंद केली, तर चित्र वेगळे दिसते. बहुतेक अंतर ऑटोबान आणि चांगल्या डांबरी रस्त्यांवर कापले जाते. हार्ट्सच्या डोंगरात थोडे बर्फ मिळते. आल्प्स ओलांडताना ब्रेनरसारखी १३७० मीटर उंचीची खिंड लागते. शेवटचे दोनशे मीटर खडीचे, मातीचे किंवा गवताचे असतात.

हे शेवटचे दोनशे मीटरच बहुतेक कॅम्परांना अडवतात. रात्रभर पाऊस पडलेल्या गवतावर उभा असलेला, पुढच्या चाकांनी ओढला जाणारा, मागे भरपूर ओझे असलेला कॅम्पर सकाळी जागचा हलत नाही. रस्त्यासाठीच्या उन्हाळी टायरच्या बारीक खाचा चिखलाने भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन फिरत राहतो. येथे फार आक्रमक टायरची गरज नसते. चिखल बाहेर फेकणाऱ्या, मोकळ्या खाचांचा सर्व-ऋतू टायर पुष्कळदा पुरतो. चाकाखाली घालायच्या दोन प्लास्टिकच्या जाळ्या जवळ असल्या तर उरलेले कामही होते.

ऑल-टेरेन टायरची किंमत कुठे मोजावी लागते, तेही समजून घ्यावे. त्याचे ठोकळे मोठे आणि मधल्या फटी रुंद असतात. त्यामुळे खडीवर व मातीवर तो पकडतो आणि त्याची बाजूची भिंत धारदार दगडाने सहसा फाटत नाही. पण ओल्या डांबरावर रस्त्याला टेकणारे रबर कमी असते आणि ठोकळे ब्रेकच्या जोराने वाकतात. परिणामी थांबण्याचे अंतर वाढू शकते. टायर जड असल्याने इंधन जास्त लागते आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाला एकसुरी गुणगुण तासन्‌तास कानांवर पडते. वर्षातील बहुतांश किलोमीटर ओल्या ऑटोबानवर जाणार असतील, तर खडीवरच्या काही तासांसाठी ही किंमत मोजणे शहाणपणाचे नाही.

काही प्रवासांना मात्र असा टायर खरोखर लागतो. डेन्मार्कच्या हिर्ट्सहाल्स बंदरातून जहाजाने आइसलँडला जाऊन तेथील आतल्या ‘एफ’ रस्त्यांवर उतरायचे असेल, तर चारही चाकांना शक्ती पोहोचवणारी गाडी कायद्यानेच आवश्यक आहे. या रस्त्यांवर धारदार खडी आणि नद्यांचे उतार असतात. तेथे बाजूची मजबूत भिंत आणि खोल खाचा यांचा उपयोग होतो. अल्बानियाच्या डोंगरातील कच्चे रस्ते किंवा स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडील लांब खडीचे रस्ते यांबाबतही हेच म्हणता येईल. फोक्सवॅगनच्या जुन्या चाहत्यांना टी-३ सिंक्रो ही चारचाकी शक्तीची गाडी आठवेल. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे श्टायर-पुख कंपनीच्या सहकार्याने ती ऐंशीच्या दशकात तयार होत असे आणि तिची सोळा इंची चाकांची आवृत्ती आजही जगभर हिंडणाऱ्यांच्या पसंतीची आहे. अशा गाडीला ऑल-टेरेन टायर शोभतो, कारण गाडीच त्या वाटेसाठी घडवलेली आहे.

तिसरी कसोटी : हिवाळा आणि कायदा

जर्मनीत हिवाळी टायरची सक्ती तारखेवर ठरत नाही, रस्त्याच्या स्थितीवर ठरते. बर्फ, चिखलमिश्रित बर्फ, गोठलेले पाणी किंवा दहिवराने निसरडा झालेला रस्ता असेल, तर योग्य टायरशिवाय गाडी चालवता येत नाही. ‘योग्य’ म्हणजे काय, याची व्याख्या अलीकडे कडक झाली आहे. पूर्वी ‘एम अधिक एस’ हे अक्षरचिन्ह चालत असे. २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या अशा टायरांना दिलेली सवलत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. आता टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची आकृती असलेले चिन्ह असलेच पाहिजे. नियम मोडल्यास किमान ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत एक गुण जमा होतो.

ऑल-टेरेन टायर घेताना येथेच अनेकांची फसगत होते. त्याच्या खोल ठोकळ्यांकडे पाहून तो बर्फात चालेलच, असे गृहीत धरले जाते. काही ऑल-टेरेन टायरांवर डोंगर-हिमकणाचे चिन्ह असते, काहींवर नुसतेच ‘एम अधिक एस’ असते. दुसऱ्या प्रकारचा टायर दिसायला कितीही रांगडा असला, तरी निसरड्या रस्त्यावर तो जर्मन कायद्याच्या दृष्टीने उन्हाळीच ठरतो.

सीमा ओलांडली की नियम बदलतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी स्थितीत हिवाळी टायर लागतात आणि रेडियल टायरच्या खाचांची खोली किमान ४ मिलिमीटर असावी लागते. त्याहून झिजलेला टायर तेथे हिवाळी मानलाच जात नाही. इटलीच्या उत्तर भागात अनेक मार्गांवर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिलदरम्यान हिवाळी टायर किंवा गाडीत साखळ्या असणे बंधनकारक आहे. स्वीडनमध्ये डिसेंबर ते मार्च हिवाळी स्थितीत किमान ३ मिलिमीटर खोली हवी. जर्मनीत कायद्याची किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी हिवाळी टायर ४ मिलिमीटरवर बदलावा, अशीच तज्ज्ञांची शिफारस असते. ही खोली मोजण्यासाठी खिशातले नाणे पुरते. एक युरोच्या नाण्याची सोनेरी कड सुमारे ३ मिलिमीटर आणि दोन युरोच्या नाण्याची रुपेरी कड सुमारे ४ मिलिमीटर रुंद असते. नाणे खाचेत उभे धरल्यावर कड पूर्ण बुडत नसेल, तर टायर बदलण्याचा काळ जवळ आला.

दोन संच बाळगावेत की सर्व-ऋतू टायरचा एकच संच, हा पुढचा प्रश्न. वर्षाला थोडेच किलोमीटर चालणाऱ्या कॅम्परसाठी चिन्हांकित सर्व-ऋतू टायर बहुधा व्यवहार्य ठरतो. मिशेलिनचा ‘क्रॉसक्लायमेट कॅम्पिंग’ हा याच वर्गातला आणि ‘सीपी’ दर्जाचा टायर आहे. हानोफरच्या कॉन्टिनेन्टल कंपनीचा ‘व्हॅनकॉन्टॅक्ट कॅम्पर’ही कॅम्परसाठीच बनवलेला आहे. व्रेडेस्टाइन हे डच नावही दुकानांत दिसते. ती कंपनी २००९ पासून भारताच्या अपोलो टायर्सच्या मालकीची आहे. नाव कोणतेही असले, तरी त्या विशिष्ट मापाच्या टायरवर चिन्ह, भारांक आणि वेगाचा दर्जा प्रत्यक्ष वाचूनच निर्णय घ्यावा. एकाच नावाच्या टायरची वेगवेगळी मापे वेगवेगळ्या गुणांची असू शकतात. दर हिवाळ्यात बर्फात स्कीइंगला जाणाऱ्या कुटुंबाने मात्र खरा हिवाळी संच वेगळा ठेवावा.

युरोपीय संघाने मे २०२१ पासून लागू केलेले टायरचे लेबल येथे मदत करते. इंधनाची बचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ‘ए’ ते ‘ई’ असे दर्जे दिलेले असतात, आवाजाची पातळी दिलेली असते आणि बर्फासाठीचे चिन्हही छापलेले असते. कॅम्परसाठी या तीन गोष्टींत ओल्या रस्त्यावरची पकड पहिल्या क्रमांकावर ठेवावी. साडेतीन टनांची गाडी थांबवण्याचे काम टायरलाच करायचे असते.

कागदपत्रांतील माप

भारतात टायरचे माप थोडे वाढवून घेणे ही दुकानातली साधी गोष्ट समजली जाते. जर्मनीत तसे चालत नाही. गाडीच्या नोंदणीपत्राच्या पहिल्या भागात १५.१ आणि १५.२ या रकान्यांत पुढील व मागील आसासाठी टायरचे माप लिहिलेले असते. उत्पादकाच्या अनुरूपता-पत्रात आणखी काही मान्य मापे असू शकतात. त्यांबाहेरचे माप बसवायचे असेल, तर टायर कमानीला घासत नाही, गतिमापक योग्य वेग दाखवतो आणि भारांक पुरेसा आहे, याची त्युफसारख्या मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून नोंद करून घ्यावी लागते. नोंद न करता चालवल्यास गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवाना रद्दबातल ठरू शकतो आणि अपघातानंतर विमा कंपनीशी वाद उभा राहतो. रुंद, उंच टायरांनी गाडी देखणी दिसते, हे खरे. पण ती देखणी गाडी कागदोपत्री रस्त्यावर असण्यास पात्र नसेल, तर त्या देखणेपणाचा उपयोग नाही.

वेगाच्या दर्जाबाबत मात्र थोडी मोकळीक आहे. हिवाळी टायरचा वेगाचा दर्जा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असला तरी चालतो. चालकाला सतत दिसेल अशा जागी त्या मर्यादेची चिठ्ठी लावलेली असली पाहिजे. भारांकाच्या बाबतीत अशी कोणतीही सवलत नाही.

हवा : सर्वांत स्वस्त सुरक्षा

योग्य टायर निवडून चुकीची हवा भरली, तर निवड वाया जाते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकण्याने तापतो आणि उष्णतेने आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीत, तासनतास एकाच वेगाने चालताना ही क्रिया सर्वांत वेगाने घडते. बाहेरून टायर धडधाकट दिसत असतो. मागील टायर फुटला, तर उंच आणि जड कॅम्परची मागची बाजू एकाएकी सरकू लागते आणि चालकाच्या हाती फार थोडा वेळ उरतो.

महाराष्ट्राला या प्रश्नाची अलीकडेच ओळख झाली. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. सरळ, लांब काँक्रीटच्या रस्त्यावर न थांबता धावणाऱ्या गाड्यांचे टायर फुटण्याच्या घटना चर्चेत आल्या. २०२३ साली परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम घेतली. गावातल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे निभावून गेलेला टायर सलग वेगाच्या रस्त्यावर उघडा पडतो, हा त्यातला धडा. ऑटोबानलाही तो तंतोतंत लागू आहे.

दाब किती असावा, हे टायर उत्पादकाच्या तक्त्यात आसावरील भारानुसार दिलेले असते. वजनकाट्यावरची पावती येथे पुन्हा उपयोगी पडते. दारावरच्या चिठ्ठीतील आकडा गाडीच्या मूळ टायरांसाठी असतो. ‘सी’ टायरऐवजी ‘सीपी’ टायर घेतला असेल, तर उत्पादकाचा तक्ता पुन्हा पाहावा.

दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा आणि हवामानाचा हिशोब ठेवावा. वीस अंश तापमानात ५ बार भरलेला टायर उणे दहा अंशांच्या रात्री साधारण ४.४ बारवर येतो. हवा कुठेही गळलेली नसते, ती फक्त आकसलेली असते. नायट्रोजन भरल्याने हा नियम बदलत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा सावकाश गळतो, इतकाच त्याचा फायदा आहे.

खडीच्या किंवा वाळूच्या रस्त्यावर दाब थोडा कमी केला की टायर पसरतो आणि पकड वाढते. ही युक्ती खरी आहे, पण तिला दोन अटी आहेत. वेग अगदी कमी ठेवायचा आणि पक्क्या रस्त्यावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची. त्यासाठी गाडीत स्वतःचा कॉम्प्रेसर हवा आणि तो ५.५ बारपर्यंत पोहोचणारा हवा. बाजारातले छोटे कॉम्प्रेसर तेथवर जाताना दमतात. हवा भरण्याची खात्री नसेल, तर ती काढूही नये.

वय आणि स्टेपनी

कॅम्परचे टायर बहुधा झिजून संपत नाहीत, म्हातारे होऊन संपतात. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चाललेल्या टायरच्या खाचा आठ वर्षांनीही खोल दिसतात. तोवर रबर मात्र कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांच्या शेवटी चार अंक असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. जुना कॅम्पर विकत घेताना हे चार अंक इंजिनाच्या आवाजाइतक्याच काळजीने पाहावेत. सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांनंतर, खाचा कितीही खोल असल्या तरी, टायर बदलावा. मोटारीमागे ओढायच्या कॅराव्हॅनला ताशी १०० किलोमीटरची परवानगी हवी असेल, तर तिचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नसावेत, असा जर्मन नियमच आहे. हिवाळाभर कॅम्पर उभा ठेवायचा असेल, तर दाब पूर्ण ठेवावा, टायरवर ऊन पडू देऊ नये आणि मधून मधून गाडी थोडी पुढे-मागे सरकवावी.

स्टेपनी हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो मराठीच वाटतो. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर, १९०४ च्या सुमारास, एका कंपनीने सुटे चाक विकायला सुरुवात केली आणि त्या रस्त्याचे नाव भारतातल्या प्रत्येक गॅरेजात पोहोचले. आजच्या अनेक कॅम्परांत मात्र स्टेपनीच नसते. तिच्या जागी पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाची बाटली आणि छोटा पंप दिलेला असतो. खिळ्याचे छिद्र त्याने बुजते, बाजूची भिंत फाटली तर त्याचा काही उपयोग होत नाही. पक्क्या रस्त्यांवरच्या प्रवासात मदत बोलावता येते. खडीच्या रस्त्यांवर, विशेषतः उत्तरेकडे, आपल्या मापाचा टायर जवळच्या गावात मिळेलच असे नाही. तेथे जायचे असेल, तर वजनाचा हिशोब बसवून पूर्ण मापाची स्टेपनी, गाडीचे वजन पेलणारा जॅक आणि चाकाचा पाना सोबत ठेवावा. टायर बदलल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकाचे बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत.

निर्णयाचा क्रम

एवढ्या सगळ्याचा सारांश एका क्रमात मांडता येतो. आधी भरलेल्या गाडीचे आसानुसार वजन करावे. त्यावरून भारांक ठरवावा आणि त्यात थोडी सवलत ठेवावी. नोंदणीपत्रातील मान्य माप पाहावे. मोठ्या कॅम्परसाठी त्या मापात ‘सीपी’ मिळतो का, ते शोधावे. मग गेल्या दोन वर्षांच्या प्रवासांची यादी काढून खडी, माती आणि बर्फ यांवर खरोखर किती वेळ गेला, हे मोजावे. बहुतेक घरांसाठी उत्तर चिन्हांकित सर्व-ऋतू कॅम्पिंग टायर असे येईल. नियमित हिमप्रदेशात जाणाऱ्यांसाठी हिवाळी संचाची भर पडेल. चारचाकी शक्तीची गाडी घेऊन आइसलँड वा अल्बानिया गाठणाऱ्यांसाठी डोंगर-हिमकणाचे चिन्ह असलेला ऑल-टेरेन टायर योग्य ठरेल. ऋतू बदलला की दाब, खोली आणि वय या तीन गोष्टी मात्र प्रत्येकानेच तपासाव्यात.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. कोकणचा किनारा आणि सह्याद्रीचे घाट कॅम्परमधून पाहणारी मराठी कुटुंबे पुढच्या काळात वाढतील. तेथेही गुळगुळीत महामार्ग, पावसाळी घाट आणि लाल मातीची शेवटची वाट अशी मिश्र वाटच असेल. गाडीचा रस्त्याशी संबंध तेथेही चार तळहातांएवढ्या रबराचाच असेल. वोल्फ्सबुर्गमध्ये काट्यावर चढवलेल्या गाडीची पावती आणि टायरवरचे चार अंक वाचण्याची सवय तेथेही तितकीच कामी येईल.